वाहनांची परीक्षा, रस्त्यांचा निकाल

७ जुलै १९१९ रोजी अमेरिकी लष्कराचा ८१ वाहनांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाला. लष्करी मोटारींचा एवढा मोठा ताफा तो देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत रस्त्याने ओलांडायला पहिल्यांदाच निघाला होता. सुमारे ५,२३० किलोमीटर जायला त्याला ६२ दिवस लागले. नव्वद वर्षांनी, २००९ मध्ये, जुनी लष्करी वाहने जपणाऱ्या हौशी मंडळींनी त्याच वाटेने पुन्हा ताफा नेला, आणि शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, तो आणखी एकदा निघाला.

लष्करी वाहनांचा मूळ प्रवास आणि त्याची पुनरावृत्ती यांत एक गमतीदार उलटापालट होते. मूळ प्रवास वाहने पारखायला निघतो, पण निकाल लागतो तो रस्त्यांचा. पुढे रस्ते सुधारतात आणि त्याच वाटेने जुनी वाहने पुन्हा नेली, की कसोटी लागते ती वाहनांचीच. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे या विषयाशी दुहेरी नाते आहे. हा पट्टा एका जुन्या लष्करी रस्त्याच्या कडेने वाढला, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचे दोन वंशज आज याच पट्ट्यात तयार होतात.

१९१९ चा ताफा

पहिल्या महायुद्धात घोडे आणि खेचरे यांची बरीच कामे ट्रकांनी उचलली होती. युद्ध संपल्यावर लष्कराला जाणून घ्यायचे होते, की वेळ आली तर सैन्य आणि सामान देशाच्या या टोकाहून त्या टोकाला मोटारींनी नेता येईल का. त्यासाठी ताफ्यात निरनिराळ्या वजनांची आणि बनावटींची वाहने घेतली होती. पॅकार्ड, मॅक, गारफर्ड, लिबर्टी आणि चारही चाकांना शक्ती मिळणारे एफडब्ल्यूडी असे ट्रक होते. जोडीला मोटारसायकली, रुग्णवाहिका, फिरती वर्कशॉपे आणि स्वयंपाकाचे ट्रेलर होते. सोबत २४ अधिकारी आणि २५८ जवान होते, शिवाय युद्धखात्याचे निरीक्षक. वाट होती १९१३ मध्ये जाहीर झालेल्या लिंकन महामार्गाची. मात्र त्याचा मोठा भाग नुसता नकाशावरच महामार्ग होता.

सुरुवातीलाच छत असलेले जुने लाकडी पूल आडवे आले. वर्कशॉपचे उंच ट्रक त्यांच्याखालून जाईनात. इलिनॉयच्या पश्चिमेला पक्का रस्ता जवळजवळ संपला. नेब्रास्कात चिखल आणि वाळू, वायोमिंगमध्ये मोडकळीला आलेले पूल आणि युटाच्या खारट वाळवंटात ट्रक आसापर्यंत रुतणारी जमीन. तिथे जवानांनी दोर लावून ट्रक हातांनी ओढले आणि पिण्याचे पाणी मोजून वाटावे लागले. मिलिटर नावाचे एक ओढकाम करणारे वाहन ताफ्यात होते. रुतलेल्या, घसरलेल्या गाड्यांना दिवसभर टोचन लावणे हेच त्याचे काम झाले. सारा हिशेब मांडला तेव्हा सरासरी वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर निघाला. वाटेत २३० लहानमोठे अपघात आणि खोळंबे झाले, ८८ पूल मोडले किंवा खचले, आणि नऊ वाहने शेवटपर्यंत पोहोचली नाहीत. ६ सप्टेंबरला ताफा सॅन फ्रान्सिस्कोत दाखल झाला.

निरीक्षक म्हणून गेलेल्यांत ड्वाइट आयझेनहॉवर हा २८ वर्षांचा अधिकारी होता. त्याने आपल्या अहवालात चालकांचे प्रशिक्षण अपुरे असल्याचे लिहिले, हलके ट्रक जड ट्रकांपेक्षा सरस ठरल्याचे नोंदवले आणि रस्त्यांच्या अवस्थेवर बोट ठेवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीचे आउटोबान पाहिले. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ मध्ये त्याने आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. सुमारे ६६,००० किलोमीटरच्या त्या जाळ्याचे श्रेय एका ताफ्याला देता येणार नाही, पण तरुणपणी चिखलात पाहिलेले ट्रक आयझेनहॉवर विसरला नव्हता. स्वतःच्या आठवणींत त्याने या प्रवासाचा आणि जर्मन रस्त्यांचा उल्लेख एकत्रच केला आहे.

पुन्हा त्याच वाटेने

२००९ चा ताफा काढणारी संस्था म्हणजे अमेरिकेतली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशन. जून-जुलैमध्ये निघालेल्या त्या ताफ्यात सुमारे दीडशे वाहने होती आणि प्रवास महिन्याच्या आत आटोपला. २०१९ चा शताब्दी-ताफा १० ऑगस्टला पेनसिल्व्हेनियातील यॉर्कहून निघून १४ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. वाहने फक्त १९१९ च्या काळातली नव्हती. पहिल्या महायुद्धातल्या मोजक्या गाड्यांबरोबर दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा, जीएमसीचे दहा चाकी ट्रक आणि त्यानंतरच्या दशकांतली वाहनेही होती. अधल्यामधल्या काळात याच संस्थेने अलास्का महामार्ग आणि रूट ६६ यांसारख्या इतर ऐतिहासिक रस्त्यांवरही ताफे नेले.

असा ताफा म्हणजे शर्यत नव्हे. महायुद्धातली जीप ताशी साठ-सत्तर किलोमीटरला कशीबशी निभावते, जड ट्रक त्याहून हळू चालतात, आणि वेग सर्वांत मंद गाडीच्या बेताने ठरतो. म्हणून महामार्ग सोडून जुन्या, समांतर रस्त्याने जावे लागते, आणि तोच खरा ऐतिहासिक रस्ता असतो. सर्वांत पुढे वाट दाखवणारी गाडी, दोन गाड्यांत ठरलेले अंतर, आणि सर्वांत शेवटी बंद पडलेल्यांना उचलून आणणारा रिकव्हरी ट्रक, अशी मांडणी असते. मुक्कामाच्या गावी वाहने मैदानात लावली जातात आणि गावकरी ती पाहायला येतात. १९१९ मध्येही गावोगावी हेच घडले होते. तो ताफा सैन्यभरतीची आणि चांगल्या रस्त्यांच्या मागणीची जाहिरातही होता.

जीप आणि लेडोचा रस्ता

१९१९ च्या अहवालात झुकते माप हलक्या वाहनांना होते, आणि वीस वर्षांनी आलेली जीपही हलकीच होती. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने चारही चाकांना शक्ती मिळणारे हलके टेहळणी वाहन मागितले. सप्टेंबरमध्ये बँटम कंपनीने पहिला नमुना दिला, आणि मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन विलीज आणि फोर्ड यांनी केले. २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, साठ अश्वशक्ती, सुमारे अकराशे किलो वजन. युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या.

भारताच्या भूमीवरून निघालेल्या एका मोठ्या लष्करी रस्ता-प्रवासातही जीपा होत्या. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर चीनचा जमिनीवरचा रसदमार्ग तुटला. तो जोडण्यासाठी डिसेंबर १९४२ पासून आसाममधील लेडो येथून डोंगर फोडत रस्ता काढण्यात आला. १२ जानेवारी १९४५ रोजी जनरल लुईस पिक यांच्या नेतृत्वाखाली ११३ वाहनांचा पहिला ताफा लेडोहून निघाला, पांगसाऊ खिंडीतून ब्रह्मदेशात उतरला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. अंतर सुमारे १,७३६ किलोमीटर होते. या मार्गाला अमेरिकी जनरल स्टिलवेल यांचे नाव देण्यात आले. युद्ध संपले, देखभाल थांबली आणि रस्त्याचा बराच भाग जंगलाने आणि पावसाने परत घेतला. अमेरिकेतली वाट काळाबरोबर रुंद होत गेली, इथली पुसट होत गेली.

तरीही दहा वर्षांनी या रस्त्यावरून एक नावाजलेली मोहीम गेली. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी सप्टेंबर १९५५ मध्ये लंडनहून दोन लँड रोव्हर काढल्या आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूर गाठले. ऑक्सफर्ड नावाची त्यांतली गाडी नंतर सेंट हेलेना बेटावर पडून होती. ती इंग्लंडमध्ये आणून दुरुस्त केली गेली आणि २०१९ मध्ये तिनेच सिंगापूर ते लंडन असा उलटा प्रवास केला. मूळ मोहिमेतले टिम स्लेसर तेव्हा ८७ वर्षांचे होते. ऐन वेळी प्रकृतीमुळे त्यांना जाता आले नाही, तेव्हा त्यांच्या जागी नातू गेला. सीमा आणि रस्ते बदलल्यामुळे मार्गही ठिकठिकाणी बदलावा लागला.

एका जीपचे दोन वंशज

भारतात जीप युद्धासाठी आली आणि इथेच राहिली. १९४५ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा अँड महंमद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस तिने मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीपा जुळवायला सुरुवात केली. डोंगर, वाळवंट आणि नदीपात्र सगळीकडे चालणारे हे वाहन लष्कर, पोलीस, वनखाते आणि तहसील कचेरी या साऱ्यांनी आपलेसे केले. १९६५ च्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवले. जीपपासून वाहने बनवू लागलेल्या या कंपनीचा चाकणचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला.

दुसरा वंशज इंग्लंडमार्गे आला. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधील शेतावर युद्धातून उरलेली एक जीप होती. तिच्या कामाने प्रभावित होऊन त्यांनी तसेच वाहन बनवायचे ठरवले, आणि पहिल्या नमुन्याला चक्क जीपचाच सांगाडा वापरला. १९४८ मध्ये ती गाडी लँड रोव्हर म्हणून बाजारात आली. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. एकाच आजोबाची दोन नातवंडे निरनिराळ्या देशांत वाढून शेवटी एका तालुक्याच्या अंतरावर नोकरीला लागावीत, तसा हा प्रकार आहे.

लष्कराशी या पट्ट्याचा धंदा आजही चालू आहे. तेव्हा पुण्यात बनत असलेल्या टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांसाठी २०१७ मध्ये लष्कराशी करार झाला. आकुर्डीत मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सला २०२५ मध्ये संरक्षण दलांसाठी २,९७८ गुरखा गाड्यांची मागणी मिळाली.

लष्कराचा रस्ता, कारखान्यांचा पट्टा

या कारखान्यांना जोडणारा जुना मुंबई-पुणे रस्ता मुळात सैन्याच्या सोयीने झाला. मुंबई बंदरातून दख्खनच्या पठारावर तोफा चढवायच्या, तर बोरघाट आडवा येई. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने तोफगाड्यांसाठी घाटातली वाट सुधारून घेतली. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून प्रसिद्ध झाला. चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात नोव्हेंबर १८३० मध्ये खुला झाला. घाटातली रेल्वे त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये आली. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्याला त्याबद्दल प्राण गमवावे लागले, अशी लोककथा आहे. खंडाळ्याच्या घाटातील त्याच्या मंदिरापाशी गाडीवान आणि आता चालक नमस्कार करून पुढे जातात.

या रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला लष्कराची ठाणी एकामागोमाग एक लागतात. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ ची आहे. खडकीतच लष्कराच्या ५१२ क्रमांकाच्या बेस वर्कशॉपमध्ये चिलखती वाहनांची दुरुस्ती होते. स्वातंत्र्यानंतर लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय रुरकीहून दापोडीला आले. देहूरोडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सामानाचा मोठा डेपो उभा राहिला. या ठाण्यांच्या मधल्या मोकळ्या माळावर नंतर कारखाने आले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात बजाज आणि बजाज टेम्पो, १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरीपर्यंत शेड उभ्या राहिल्या. पुढे पुणे-नाशिक रस्त्याने हा विस्तार चाकणला पोहोचला. बंदराकडे जाणारा पक्का रस्ता, शेजारी रेल्वे, पवना नदीचे पाणी आणि सपाट जमीन ही या वाढीची मुख्य कारणे. त्यातला रस्ता सैन्याने आधीच आखून ठेवला होता.

जुनी गाडी चालती ठेवणे

लष्कराच्या सेवेतून काढलेली वाहने लिलावाने विकली जातात. अशा गाडीला बाजारात डिस्पोजलची गाडी म्हणतात. जीपबरोबर जबलपूरच्या वाहन कारखान्यातली जोंगा, निसानचा एक टनी ट्रक आणि जर्मन परवान्याखाली बनलेला शक्तिमान ही नावे या बाजारात ओळखीची आहेत. गाडी हाती आली तरी तिला लांबच्या प्रवासाला तयार करणे हे निराळे काम असते.

महायुद्धातल्या जीपची वीज सहा व्होल्टची असते. त्यामुळे दिवे मंद जळतात, आणि वायरच्या सांध्यावर थोडा गंज धरला तरी स्टार्टर फिरत नाही. कार्बोरेटरपर्यंत जाणारे पेट्रोल उन्हात नळीतच वाफाळते आणि इंजिन बंद पडते. जुने चालक अशा वेळी फ्यूल पंपावर ओले फडके गुंडाळत. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढल्यामुळे जुन्या रबरी नळ्या, पडदे आणि गास्केटे फुगतात किंवा भेगाळतात. ती सारी नव्या प्रतीच्या रबराची बसवावी लागतात. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, म्हणून चालत्या गाडीत तो टाकताना डबल क्लच करावे लागते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि उतारावर ते तापले की पकड सोडतात. पाट्यांचे शॅकल आणि स्टिअरिंगचे सांधे यांना ठरावीक अंतरावर ग्रीस द्यावेच लागते.

सुट्या भागांच्या बाबतीत भारतातल्या जीपमालकाचे नशीब बरे. महिंद्राने विलीजच्या घराण्यातली मॉडेले पुढे कित्येक दशके बनवली आणि त्यांचे बरेच भाग एकमेकांना जवळचे राहिले. जे मिळत नाही ते बनवून घ्यावे लागते. तिथे हा पट्टा उपयोगी पडतो. भोसरी आणि चिंचवडच्या लहान शेडांमध्ये ओतकाम, गिअर कापणे, शाफ्ट घासणे, बुश बसवणे ही रोजची कामे आहेत. मोठ्या कंपन्यांना हजारोंनी भाग पुरवणाऱ्या टर्नरला एकच जॉब सांगितला तर तो परवडत नाही, पण जुना नमुना समोर ठेवला तर मापे घेऊन तसाच्या तसा काढून देणारे कसबी हात इथे आहेत.

जुनी लष्करी वाहने जवळून पाहायची तर पुण्याहून अहिल्यानगर गाठावे. तिथल्या चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ मध्ये रणगाडा संग्रहालय उघडले. त्यात पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून १९७१ च्या युद्धातील रणगाड्यांपर्यंत अनेक वाहने आहेत. त्याच शहरात लष्करी वाहनांचे संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही आहे. १९१९ मध्ये ज्या कामासाठी अख्खा देश पालथा घालावा लागला, त्यातले बरेचसे आता चाचणी-मार्गावर होते. चढ, खड्डे, पाणी आणि चिखल तिथे मापाने तयार केलेले असतात.

कायद्याची चौकट

भारतात ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांसाठी असते, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. असे वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. ही व्याख्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांपुरती आहे. त्यामुळे जीप किंवा जुनी जोंगा तिच्यात बसते, पण महायुद्धातला दहा चाकी ट्रक बसत नाही.

जुन्या रस्त्याने

अशा वाहनांना या पट्ट्यातून मुंबईकडे जायला द्रुतगती मार्ग निरुपयोगी आहे, कारण त्याचा वेग त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यांची वाट जुनीच. दापोडीचा हॅरिस पूल, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी, देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा. पिंपरीपर्यंत वर मेट्रो आणि बाजूला ग्रेड सेपरेटर आहेत. दापोडीनंतर लष्करी रस्त्याची खूण पुन्हा स्पष्ट दिसते ती देहूरोडच्या छावणीपाशी. वडगावला १७७९ मध्ये मराठ्यांनी घाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला शरण आणले होते. रस्ता नसताना सैन्य चढवले तर काय होते, याचा तो धडा.

घाटातही रस्त्याने बरेच गमावले आहे. १८३० च्या सुमाराचा, अमृतांजनच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा दगडी कमानींचा पूल एप्रिल २०२० मध्ये वाहतुकीच्या सोयीसाठी पाडण्यात आला. पण वळणे आणि उतार बऱ्याच अंशी तेच आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, मध्ये थांबून ड्रम निवू द्यायचे, हा जुन्या चालकांचा नियम इथे अजून लागू पडतो. १८३० मध्ये या घाटापुढचा प्रश्न होता, की चाके वर चढतील का. रस्त्याने तो सोडवला. आज त्याच वाटेने खोपोलीकडे उतरणाऱ्या ऐंशी वर्षांच्या जीपला खाली वेळेवर थांबता येईल का, हे मात्र तिच्या ब्रेकवर आणि ते बसवणाऱ्या फिटरच्या हातावर अवलंबून असते.